खालचा बर्थ, तोईच्या नावाने

हात याई
३ ऑगस्ट

अहो,

पहिल्याच शब्दाला अडले. 'आदरणीय भंते' असं लिहून पाहिलं, तर वीजमंडळाला अर्ज केल्यासारखं वाटायला लागलं. नावाने तर मी तुम्हाला कधी हाक मारली नाही. तेव्हा 'अहो'च राहू दे. तुमचे मोठे भंते पत्रं वाचतात म्हणे, वाचू देत. विहारात राहिलात त्याच्या तिसऱ्या महिन्यात तुम्ही फोन परत पाठवलात, आणि एकदा भेटायला आले तर ओसरीवर दहा माणसं हात जोडून बसलेली. पत्राशिवाय मला दुसरी वाट नाही.

कामाचं सांगते. आपल्या तोईच्या वर्गाला बावीस सप्टेंबरला बँकॉकला पदवी मिळते आहे. तिच्या वर्गातल्या मुलींनी मला बोलावलंय. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाकनामला, नदी समुद्राला मिळते तिथे, एक बोट सांगून ठेवली आहे. तोईच्या अस्थी आता सोडू या, काकी, असं त्या म्हणतात. तीन वर्षं आणि चार महिने झाले, बरणी कपाटावरच आहे. मी रोज पुसते. सोडायला हव्यात हे मलाही कळतं.

एकवीस तारखेच्या दुपारच्या गाडीचं तिकीट काढायला मी स्टेशनवर गेले. खिडकीवर सुचिनबाई असतात, आपल्या गाड्यावरून तळलेली कोंबडी घेऊन जातात आणि वरून कुरकुरीत कांदा जास्त मागतात, त्याच. त्यांनी विचारलं, किती? माझ्या तोंडून 'दोन' गेलं. सवयीने. मग दुसरं नाव कोणाचं, म्हणून तुमचं सांगितलं.

तुम्ही फत्थलुंगला चढायचं, विहारापासून स्टेशन जवळच आहे. थुंग सोंगला उतरायचं. दोन तासांचा प्रवास. सुचिनबाई म्हणाल्या, झोपायच्या गाडीत दोन तासांसाठी कोण बसतं? मी म्हटलं, आमच्याकडे बसतात. वर्षावासात तुम्हाला पहाटेच्या आत विहारात असावं लागतं एवढं मला कळतं. थुंग सोंगहून संध्याकाळची उलटी गाडी आहे, ती तुम्हाला वेळेत परत आणून सोडते. मी वेळापत्रक दोनदा पाहिलं.

बाकीची वाट माझी मी जाईन. तुम्ही दोन तास बरणी मांडीवर घ्या, त्या दोन तासांत काय म्हणायचं ते सूत्र म्हणा, आणि उतरा. जागा समोरासमोरच्या आहेत. रात्री त्यांचाच खालचा बर्थ होतो आणि वरचा भिंतीतून निघतो. तुमचा गुडघा धरतो म्हणून खालचा तुमच्या नावावर घातला, वरचा माझ्या. खाणं काही आणणार नाही, दुपारनंतर तुम्हाला चालत नाही. काळी कॉफी आणीन. हातात देणार नाही, रुमालावर ठेवीन, तुम्ही उचला.

तुमचा पिंजऱ्यातला होला जिवंत आहे. राळे खातो, पाणी पितो. घुमत नाही. तुम्ही त्याची चौकशी कधी केली नाहीत म्हणून आपणहून कळवलं.

लमाय


फत्थलुंग
१२ ऑगस्ट

उपासिका लमाय यांस,

आपलं पत्र मिळालं. मोठ्या भंतेंनी ते उघडलं नाही, पण मी स्वतःच त्यांना वाचून दाखवलं. लपवून ठेवावं असं त्यात काही नव्हतं.

आपण प्रवासाची व्यवस्था श्रद्धेने केली हे मी जाणतो. परंतु मला येता येणार नाही. एखाद्या स्त्रीशी आधी ठरवून भिक्खूने एकाच रस्त्याने प्रवास करू नये, मग तो एका गावाहून शेजारच्या गावापर्यंतचा का असेना, असा नियम आहे. वाटेत योगायोगाने गाठ पडली तर दोष नाही. दोष ठरवण्यात आहे. आपण तारीख, गाडी आणि स्टेशन लिहून पाठवलं आहे. मी 'येतो' असं लिहिलं तर ते ठरवणं होईल.

आणखी एक सांगणं भाग आहे. स्त्रीने भिक्खूच्या डोक्यावर झोपणं योग्य नाही. आपण बर्थ उलटे घेतले आहेत.

आपण थुंग सोंग हेच स्टेशन का निवडलंत हेही मला समजलं. तोईची व्हॅन ज्या वळणावर उलटली ते थुंग सोंगच्या थोडं पुढे आहे. मी तिथवर जावं आणि तिथे उतरावं असं आपल्याला वाटत असेल. ते वाटण्याचा आपल्याला हक्क आहे. मी रोज सायंकाळी तोईच्या नावाने पुण्य अर्पण करतो.

अस्थी अवश्य सोडाव्यात. आपलं कल्याण होवो.

भिक्खू थावोर


हात याई
१९ ऑगस्ट

अहो,

तुमचं पत्र शेजारच्या म्हातारीच्या हातात पडलं. पाकिटावर 'उपासिका लमाय' वाचून ती विचारते, ही कोण गं नवीन राहायला आली? बावीस वर्षं 'अगं' म्हणालात. एकदा चिडून 'भवाने' पण म्हणालात, मुसळधार पावसात छत गळत होतं तेव्हा. आता उपासिका. असो. तारीख पाहिलीत का तुम्ही लिहिताना? बारा ऑगस्ट, आयांचा दिवस. शाळेतली मुलं मोगऱ्याचे गजरे घेऊन आयांच्या पाया पडत होती. माझ्या गाड्यावर त्या दिवशी गर्दी असते, मी तळत होते.

बर्थाचं तुमचं खरं आहे. चूक माझी. मी गुडघ्याकडे पाहिलं, डोक्याकडे पाहिलं नाही. पण सहा वाजता उतरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर कोण जाऊन झोपणार होतं, हे तुम्ही सांगा.

थुंग सोंगचं मात्र तुम्ही काहीच्या काही केलंत. मला ते वळण सुचलंसुद्धा नाही. तिथून उलटी गाडी मिळते म्हणून थुंग सोंग. त्याच्या आधीच्या स्टेशनावर ती थांबत नाही, त्याच्या पुढच्यावरून तुम्हाला उशीर होतो. इतकंच. तुम्ही ते वळण मनात घेऊन बसलाय, म्हणून तुम्हाला वेळापत्रकातही तेच दिसलं.

आता तुम्ही नियमाचं काढलंत म्हणून मीही एक काढते. तोईला भाऊ नाही. मामा नाही, चुलतभाऊ मलेशियात. चितेपुढे एका दिवसासाठी चीवर घालायला घरातला पुरुष लागतो, तो तुम्हीच होतात. त्या सकाळी तुमचं डोकं भादरण्याआधी मोठ्या भंतेंनी मला विचारलं होतं, बायकोची हरकत नाही ना? मी म्हटलं, एका दिवसाला नाही. सगळ्यांनी ऐकलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची करडी पँट आणि निळा शर्ट इस्त्री करून मी विहाराच्या पायरीवर येऊन बसले. लोक एका दिवसाचे भिक्खू होतात आणि दुसऱ्या दिवशी शर्ट घालून घरी येतात, मटण-भात खातात. मी बारा वाजेपर्यंत बसले. मग एक भिक्खू येऊन म्हणाले, ते राहणार आहेत म्हणतात. मी म्हटलं बरं, आणि कपडे घेऊन घरी आले.

एका दिवसाची परवानगी मी दिली. बाकीच्या दिवसांची तुम्ही मागितलीच नाहीत. नियम पाळता, तर हा पण एक आहे.

मी भांडत नाहीये. भांडायला अंगात काही लागतं, ते नाही. सकाळी उठते, कोंबडी मसाल्यात घालते, कांदा तळते, संध्याकाळी भांडी घासते. कोणी विचारलं बरी आहेस ना, तर बरी आहे म्हणते. ते खोटंही नाही.

तिकीट अजून तुमच्या नावावर आहे. सात आठवडे आधी काढलंय. या वेळी बर्थ भरून गेले असं कोणी म्हणायला नको.

लमाय


फत्थलुंग
२८ ऑगस्ट

उपासिका लमाय यांस,

आपलं पत्र मी मोठ्या भंतेंना वाचून दाखवलं नाही. शेवटच्या ओळीपाशी मी थांबलो. तीन दिवस झाडताना, भिक्षेला जाताना तीच ओळ मनात होती. आपण ती मुद्दाम लिहिली की सहज, मला ठाऊक नाही. थुंग सोंगसारखी सहजही असेल. पण मला आता हे लिहायलाच हवं, नाहीतर पुढच्या ओळीला मी पुन्हा नियम सांगायला लागेन.

तोईची सोंगक्रानची सुट्टी संपत आली होती. आपण, तू, मला आठ दिवस आधी सांगितलं होतंस, तिचा परतीचा बर्थ काढून ठेवा, सणानंतर गर्दी असते. मी हो म्हणालो. त्या आठवड्यात चानाला होल्यांची स्पर्धा होती. तुला माहीत आहे मी तिथे कसा असायचो. उंच काठ्यांवर पिंजरे चढवलेले, खाली माणसं माना वर करून ऐकत उभी, कोणाचा पक्षी किती वेळा आणि किती खोल घुमतो. मी रबराची झाडं पहाटे टोचून व्हायचो मोकळा, की तिकडे. तीन दिवस गेलो. दर दिवशी येताना म्हणायचो, उद्या स्टेशनवर जातो.

स्टेशनवर गेलो ते तोईच्या जायच्या दिवशी सकाळी. एकही बर्थ नव्हता. तुला मी सांगितलं की आठ दिवस आधीच गेलो होतो आणि तेव्हाच सगळे भरले होते. ते खोटं होतं. मी गेलोच नव्हतो.

तोईला म्हटलं व्हॅनने जा, लवकर पोचशील. तिला व्हॅन लागते. लहानपणी खालच्या गावापर्यंत जाताना सुद्धा ओकायची. खिडकीची जागा शिल्लक नव्हती. ती मागच्या बाकावर मधोमध बसली, मांडीवर पिशवी घेऊन. दार सरकवून मीच लावलं.

होल्याचा दुसरा नंबर आला होता. बक्षीस म्हणून पंखा मिळाला. तुझ्या गाड्यावर तोच आहे.

चितेपुढे डोकं भादरलं तेव्हा मी ठरवलं होतं की उद्या तुला सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या खिडकीतून तू पायरीवर बसलेली मला दिसलीस. मांडीवर इस्त्रीचे कपडे. मी बारा वाजेपर्यंत तुला पाहत होतो. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो आणि परत वर गेलो. परवानगी मागायला तुझ्यासमोर यावं लागलं असतं, आणि समोर आलो असतो तर हे सांगावं लागलं असतं. म्हणून मागितली नाही.

इथे मला शांती वगैरे मिळाली असं समजू नकोस. लोक तसं समजून पाया पडतात, मला त्याची लाज वाटते. मी अंगण झाडतो. पाणी भरतो. नव्यांना चीवर कसं नेसायचं ते दाखवतो. यातलं काही केलं की एक दिवस जातो. घरी त्या पिंजऱ्याखाली बसून माझा एक दिवससुद्धा जाणार नाही.

बरणी मांडीवर घ्यायची माझी लायकी नाही. म्हणून येत नाही. नियम खरा आहे, पण कारण हे आहे.

थावोर


हात याई
४ सप्टेंबर

अहो,

मला माहीत होतं.

पहिल्या दिवसापासून. व्हॅन फत्थलुंगच्या पेट्रोल पंपावर थांबली तेव्हा तोईने मला फोन केला होता. म्हणाली, आई, बाबांना तिकिटाचं विचारू नकोस हं, ते होल्याच्या नादात विसरले. आता घाबरून काहीतरी सांगतील. तू ऐकून घे. मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, विचारणार नाहीस ना? मी म्हटलं, नाही गं बाई. मग मला गिऱ्हाईक आलं, मी फोन ठेवला. तेच शेवटचं.

रात्री तुम्ही घरी येऊन म्हणालात, आठ दिवस आधीच बर्थ भरले होते. मी ऐकून घेतलं. तिने सांगितलं होतं तसं. त्यानंतर चार तासांनी पोलिसांचा फोन आला.

तेव्हा मी विचारलं नाही ते तुमची कीव म्हणून नाही, आणि तुम्हाला तिष्ठत ठेवायचं म्हणूनही नाही. तिला शब्द दिला होता. पण तुम्ही आपणहून सांगाल, याची वाट पाहत होते. पायरीवर बसले होते ना, तेव्हाही तेच ठरवून बसले होते. तुम्ही शर्ट घालून खाली याल, रिक्षात बसल्यावर सांगाल, आणि मी म्हणेन, ठाऊक आहे मला, तिने फोन केला होता. मग घरी जाऊन दोघं एकदम रडलो असतो. मी त्या दुपारसाठी भात सुद्धा लावून आले होते. तुम्ही वरून बघत होतात हे आज कळलं. दोन पायऱ्या उतरला होतात. अजून दहा उतरायच्या होत्या.

राग आला का, म्हणून विचाराल. आला असता तर बरं झालं असतं. तुमच्यावर नाही, पक्ष्यावर नाही, कोणावरच आला नाही. तो पंखा उन्हाळ्यात माझ्या तोंडावर वारा घालतो, मी घालून घेते. तो कुठून आला ते मला माहीत होतं. दुसरं कोण आणून देणार होतं?

आता तिकिटाचं. मी काल पुन्हा सुचिनबाईंकडे गेले. म्हटलं, बदल करायचाय. त्या म्हणाल्या, बाई, तुमची ही एक जोडी सांभाळता सांभाळता मी निवृत्त होईन. मी सांगितलं, माझं नाव तिथून काढा. मला बायकांच्या डब्यात टाका, दोन डबे मागे. तिथे आता मी एकटी आहे आणि माझ्या आजूबाजूला कोणी पुरुष नाही.

तुमचं नाव वरच्या बर्थवर टाकलं, फत्थलुंग ते थुंग सोंग. गुडघ्याची काळजी नको, वर चढायची वेळ येणारच नाही. खालचा बर्थ हात याई ते बँकॉक, पूर्ण प्रवासाचा. त्या म्हणाल्या, कोणाच्या नावावर? मी पर्समधून तोईचं ओळखपत्र काढून दिलं. अजून मुदत आहे त्याची. त्यांनी फोटो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतंच, सगळ्या हात याईला माहीत आहे. त्यांनी चष्मा लावला आणि 'कुमारी सिरिवन' असं तिचं पूर्ण नाव एकेक अक्षर बघून छापलं.

तेव्हा आता तुमच्याबरोबर कोणी बाई ठरवून प्रवास करत नाहीये. तुमच्या डोक्यावर कोणी नाही. समोर तुमची मुलगी आहे, तिच्या स्वतःच्या तिकिटावर. हात याईला मी तिला जागेवर बसवीन, लाल चौकटीच्या पंच्याने खुर्चीला बांधीन, आणि माझ्या डब्यात जाईन. थुंग सोंग गेल्याशिवाय तिकडे येणार नाही. कॉफीपण आणत नाही आता. अस्थींना स्त्री धरायचं की नाही, हे नियमात कुठे लिहिलं असेल तर मला ठाऊक नाही. मोठ्या भंतेंना विचारा. नाहीतर नका विचारू.

तुम्ही चढला नाहीत तर फत्थलुंगनंतरही ती एकटी असेल, एवढंच. तिला मी एकटी सोडत नाही, असं तुम्हाला वाटेल, पण दोन डबे म्हणजे बरंच लांब असतं चालत्या गाडीत. लायकीचं तुम्ही बघा. मला त्यातलं कळत नाही.

तुमचं तिकीट या पाकिटात आहे. याचं उत्तर लिहू नका. लिहिलंत तर ठरवल्यासारखं होईल.

लमाय


पाकनाम
२४ सप्टेंबर

अहो,

कसं झालं ते सांगते, म्हणजे माझ्या डोक्यातूनही जरा जाईल.

हात याईला गाडी वेळेवर सुटली. तोईला जागेवर बसवलं. डब्यात बर्थ लावून देणारा गादीवाला, पन्नाशीचा माणूस, मोठं पोट, त्याला दोन्ही तिकिटं दाखवली आणि म्हटलं, हिच्याकडे लक्ष ठेवा, फत्थलुंगला एक भंते चढतील, किंवा नाही चढणार. त्याने बरणीला नमस्कार केला आणि बरं म्हणाला.

माझ्या डब्यात समोर एक मुसलमान आजी होती, नातीकडे निघालेली. तिने मला लँगसाटची फळं सोलून दिली. फत्थलुंगला फलाट माझ्या बाजूला नव्हता. उठून दुसऱ्या बाजूला गेले असते तर दिसलं असतं. उठले नाही. आजी म्हणाली, कोणी यायचंय का तुमचं? मी म्हटलं, माहीत नाही. गाडी हलली. मी दोन तास फळांच्या साली हातात धरून बसले होते, हे तिने त्या काढून घेतल्या तेव्हा कळलं.

थुंग सोंगला गाडी बराच वेळ थांबते. तिथेही मी खिडकीतून पाहिलं नाही. गाडी सुटली, मग उठले आणि दोन डबे चालत गेले. बाहेर अजून उजेड होता. डब्यात सगळे बसलेले, कोणी भात खात होतं, कोणी पत्ते. अजून कोणाचाच बर्थ लावलेला नव्हता. फक्त एका ठिकाणी पडदा ओढलेला होता.

मला वाटलं मी डबा चुकले. नंबर पाहिला. तोच.

गादीवाला आला. म्हणाला, काकी, भंते चढले फत्थलुंगला. आले, बरणीसमोर उभे राहिले. मी म्हटलं, बसा भंते. बसले नाहीत. मला म्हणाले, हा खालचा बर्थ आत्ताच लावून द्या. मी म्हटलं, भंते, आम्ही सहानंतर लावतो, आत्ता चार वाजलेत. ते म्हणाले, मुलीला गाडी लागते. आडवी झाली की बरं वाटतं तिला.

त्याने लावून दिला. बरणी तुम्ही स्वतः उचललीत, तो म्हणाला. उशीवर ठेवलीत. चादर मागून घेतलीत. मग पडदा ओढलात आणि पायथ्याशी उभे राहिलात. त्याने विचारलं, वरचा बर्थ काढून देऊ का, का कुठे दुसरीकडे खुर्ची देऊ? तुम्ही नको म्हणालात. थुंग सोंगपर्यंत दोन तास उभे. त्याने मला हेही सांगितलं की उतरताना तुम्हाला गुडघ्यामुळे पायरी जमेना, त्याने हात दिला.

सूत्र म्हणालात का, विचारलं मी. तो म्हणाला, सूत्र वाटलं नाही काकी, बोलत होते हळू. काय ते ऐकलं नाही मी, बरं दिसत नाही ना.

तो गेला. मी पडद्याच्या आत हात घातला. चादर दोन्ही बाजूंनी आणि पायाकडून गादीखाली घट्ट खोचलेली. मोकळी चादर तिला चालायची नाही, पाय बाहेर आले की रडायची, सहा वर्षांची होईपर्यंत. तेव्हा खोचायचं काम तुमचं होतं, मी गाड्यावर असायचे. मी ते विसरले होते.

मला वाटलं आता रडू येईल. मी वाट पाहिली, आलं नाही. भूक लागली. गादीवाल्याला म्हटलं, काही आहे का खायला, आणि त्याने स्वतःच्या डब्यातला भात आणि तळलेला मासा दिला. मी तिच्या पायथ्याशी तिथेच उभी राहून सगळा खाल्ला. आंबट कैरी होती बरोबर, तीही खाल्ली. तीन वर्षांत मला कशाची चव लागली नव्हती. मीठ कमी होतं, ते कळलं. मी तळताना चाखते ती दुसऱ्यांसाठी चाखते, ते वेगळं.

समारंभ चांगला झाला. मुलींनी काळे झगे घातले होते, मला मध्ये उभं करून फोटो काढले. काल सकाळी बोटीतून गेलो. बरणी मी रिकामी केली, मोगरा आणि गुलाबाच्या पाकळ्या मुलींनी टाकल्या. पाणी गढूळ होतं. अस्थी लगेच दिसेनाशा झाल्या. बरणी परत आणायची नसते म्हणून तीही सोडली. पंचा मात्र ठेवला.

आता तुमचं. एका दिवसाची परवानगी दिली होती. बाकीच्या दिवसांची आता देते. झालेल्या तीन वर्षांची आणि पुढचे जेवढे असतील त्यांची. मागायला यायची गरज नाही, तुम्ही दोन तास उभे होतात तेवढं पुरे. मोठ्या भंतेंना हे वाचून दाखवा, म्हणजे त्यांनाही ठाऊक राहील की बायकोची हरकत नाही. करडी पँट आणि निळा शर्ट अजून कपाटात आहेत, ते कोणाला तरी देऊन टाकीन.

होला मी पाळीन. त्याचा काही दोष नाही. पाकिटावर उपासिका लिहिलंत तरी चालेल, म्हातारीला मी समजावून सांगते.

आज सकाळी परतीचं तिकीट काढायला गेले. खिडकीवर एक अनोळखी मुलगी होती. तिने विचारलं, किती? मी म्हटलं, एक.

लमाय